तोरा कोणी लिहिली?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आपल्याकडे लोक जो तोरा मिरवतात, तो आजचा विषय नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपली तोरा हा हिब्रू शब्द आहे, स्त्रीलिंगी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ शिकवण किंवा उपदेश. यहुदी धर्माचा हा सर्वांत पवित्र ग्रंथ. ख्रिस्ती बायबलची सुरुवातही यानेच होते. यात पाच पुस्तकं आहेत. मराठी बायबलमध्ये त्यांची नावं उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत. यातलं 'अनुवाद' म्हणजे भाषांतर नव्हे. जुन्या अर्थाने अनुवाद म्हणजे आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू या. हा कुठल्या तरी दूरच्या लोकांचा ग्रंथ नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे आपले यहुदी, शतकानुशतकं याच ग्रंथाच्या परंपरेत जगत आले. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली उभं राहिलं. सिनेगॉगमध्ये तोरा पुस्तकाच्या रूपात नसते, तर चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली असते. वर्षभरात ती वाचून पूर्ण करतात आणि पूर्ण झाली की त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तेव्हा आपण आज जी चिकित्सा बघणार आहोत, ती कुणाच्या तरी देव्हाऱ्यातल्या वस्तूची आहे. ती कडक असू दे, पण उद्धट नको.

परंपरा काय म्हणते?

परंपरेचं उत्तर सरळ आहे. तोरा मोशेने लिहिली, ईश्वराने सांगितली तशी लिहिली. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझने श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली, त्यात हे एक आहे.

पण गंमत अशी की शंकेची सुरुवात परंपरेच्या आतूनच झाली. 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाच्या शेवटच्या आठ वचनांत मोशेचा मृत्यू येतो. तो मेला, त्याला पुरलं, त्याची कबर कुठे आहे हे आजवर कोणाला ठाऊक नाही, असं तिथे लिहिलं आहे. आता मेलेला माणूस हे कसं लिहील? तालमूदमध्ये यावर चर्चा आहे. एक मत असं की ही आठ वचनं यहोशवाने लिहिली. दुसरं मत असं की ईश्वर सांगत होता आणि मोशे रडत रडत लिहीत होता. म्हणजे प्रश्न दिसला होता, आणि त्याची दोन उत्तरं शेजारी शेजारी नोंदवून ठेवली होती. हेही लक्षात ठेवा.

बाराव्या शतकातच स्पेनमध्ये जन्मलेला इब्न एझ्रा नावाचा मोठा भाष्यकार होता. त्याला आणखी खटकलं. अब्राहामाच्या गोष्टीत म्हटलंय की 'त्या वेळी' त्या देशात कनानी लोक राहत होते. त्या वेळी? म्हणजे लिहिणाऱ्याच्या काळात ते उरलेले नाहीत. पण मोशेच्या काळात तर ते होतेच! इब्न एझ्रा सुचवतो की यात एक गुपित आहे, आणि ज्याला कळेल त्याने गप्प बसावं. तो स्वतः तसाच गप्प बसला.

अशा जागा आणखी आहेत. अदोमच्या राजांची यादी देताना लेखक म्हणतो, इस्राएलमध्ये राजा होण्यापूर्वीचे हे राजे. इस्राएलला राजा मिळाला तो मोशेनंतर फार उशिरा. मोशे यार्देन नदीच्या 'पलीकडे' बोलला, असं 'अनुवाद'च्या पहिल्याच वाक्यात आहे. मोशे नदीच्या पूर्वेला होता आणि ती ओलांडून कधी आलाच नाही. म्हणजे 'पलीकडे' म्हणणारा माणूस पश्चिमेला बसलेला आहे. आणि 'गणना'मध्ये म्हटलंय की मोशे पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस होता. आता सर्वांत नम्र माणूस हे स्वतःबद्दल लिहील का?

गप्प न बसलेले लोक

सतराव्या शतकात ही शांतता मोडली. इंग्लंडमध्ये हॉब्जने १६५१ साली लिहिलं की या पुस्तकांचा बराच भाग मोशेनंतरचा आहे. ॲम्स्टरडॅममध्ये स्पिनोझाला त्याच्या यहुदी समाजाने १६५६ मध्येच बहिष्कृत केलं होतं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पुढे १६७० साली त्याने निनावी ग्रंथ छापला. त्यात इब्न एझ्राची गुपितं उघड करून त्याने सांगितलं की हे मोशेचं लिखाण नाही, फार नंतर बहुधा एज्राने हे सगळं जुळवलं. १६७४ मध्ये त्या ग्रंथावर हॉलंडमध्ये बंदी आली. फ्रान्समध्ये रिशार सिमाँ नावाच्या कॅथलिक पाद्र्याने १६७८ मध्ये चिकित्सेचा ग्रंथ लिहिला. तो जप्त करून नष्ट केला गेला आणि सिमाँला त्याच्या संघातून काढून टाकलं.

पण 'मोशेने लिहिलं नाही' हे सांगणं एक, आणि 'मग कसं तयार झालं' हे दाखवणं वेगळं. ती वाट ज्याने उघडली तो धर्मगुरू नव्हता, डॉक्टर होता. जाँ आस्त्रुक हे त्याचं नाव, आणि फ्रान्सच्या राजाचा तो वैद्य होता. १७५३ मध्ये त्याने निनावी पुस्तक काढलं. त्याचा हेतू तर मोशेचं रक्षण करण्याचा होता! त्याचं म्हणणं असं की मोशेने आपल्या आधीच्या काळाबद्दल लिहिताना जुनी टिपणं वापरली असणार. मग ती टिपणं वेगळी काढता येतील का? त्याने उत्पत्तीचा मजकूर स्तंभांमध्ये मांडून बघितला. खूण कोणती धरली? देवाचं नाव.

मराठीतसुद्धा दिसणारी शिवण

ही खूण तुम्ही घरी मराठी बायबल उघडूनही बघू शकता. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सगळीकडे 'देव' आहे. हिब्रूत तिथे 'एलोहीम' आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात एकदम 'परमेश्वर देव' सुरू होतं. हिब्रूत तिथे चार अक्षरांचं ते खास नाव येतं, जे यहुदी लोक उच्चारत नाहीत. अभ्यासक ते 'याव्हे' असं वाचतात.

आणि नावाबरोबर गोष्टही बदलते. पहिल्या अध्यायात सहा दिवसांत क्रमाने सृष्टी होते. आधी वनस्पती, मग प्राणी, मग शेवटी माणूस, स्त्री आणि पुरुष दोघं एकदमच. देव बोलतो आणि होतं. दुसऱ्या अध्यायात आधी पुरुष, मातीचा घडवलेला. मग बाग, मग प्राणी, आणि शेवटी त्याच्या बरगडीपासून स्त्री. इथे देव कुंभारासारखा हाताने काम करतो. एकाच लेखकाने शेजारच्या दोन पानांवर क्रम उलटा का करावा?

प्रलयाच्या गोष्टीत तर दोन धागे एकमेकांत विणलेले आहेत. एका ठिकाणी नोहाला सांगितलं जातं की प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवात घे. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं जातं की शुद्ध प्राण्यांच्या सात घे, अशुद्ध प्राण्यांची एक. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढलेलं. एकदा कावळा सोडतो, एकदा कबुतर.

आता हे धागे सुटे करून बघा. ज्या धाग्यात सात जोड्या आहेत, त्यातच नोहा शेवटी तारवातून उतरून प्राण्यांचा बळी देतो. तिथे एकेकच जोडी असती, तर बळी दिलेल्या प्राण्याचा वंशच बुडाला असता! आणि ज्या धाग्यात एकेक जोडी आहे, त्यात बळी नाहीच, कारण त्या लेखकाच्या मते बळी देण्याचा अधिकार पुढे अहरोनाच्या पुरोहित घराण्याला मिळणार आहे, त्याआधी तो कोणालाच नाही. म्हणजे नुसता विसंवाद नाही. प्रत्येक धागा स्वतःपुरता सुसंगत आहे. या सिद्धान्ताची खरी ताकद इथे आहे. एक कबूल करायला हवं की सात जोड्यांच्या धाग्यात तारू बांधण्याची आज्ञा सापडत नाही. जोडताना ती गळली असावी. दोन्ही गोष्टी पूर्णच्या पूर्ण सुटतात असं म्हणणं थोडं जास्तीचं होईल.

चार अक्षरं

एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत हे काम पद्धतशीर झालं. मोठा टप्पा १८०५ चा. डे वेट नावाच्या तरुण अभ्यासकाने 'अनुवाद' या पुस्तकाकडे बोट दाखवलं. बायबलच्या राजांच्या इतिहासात एक प्रसंग आहे. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चाललेली असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडतो. शाफान चिटणीस तो योशीया राजाला वाचून दाखवतो. राजा कपडे फाडतो, हुल्दा नावाच्या स्त्री संदेष्ट्याकडे माणसं पाठवून खात्री करून घेतो, आणि मग गावोगावची पूजास्थानं मोडून टाकतो. यापुढे पूजा एकाच ठिकाणी, यरुशलेमला. आता 'पूजा एकाच निवडलेल्या ठिकाणी' हा आग्रह पाचही पुस्तकांत ठळकपणे कुठे आहे? 'अनुवाद'मध्ये. निर्गमात तर ठिकठिकाणी वेदी बांधायला मुभा आहे. म्हणून डे वेट म्हणाला की सापडलेला ग्रंथ हाच असणार, आणि तो त्याच काळाच्या आसपास लिहिलेला असणार. अशा रीतीने एका पुस्तकाला तारखेचा खिळा मिळाला. बाकीचं त्याच्या आधी की नंतर, हे मग मोजता येऊ लागलं.

हे सगळं एकत्र बांधलं युलियुस वेलहाउझेनने, १८७८ च्या त्याच्या ग्रंथात. ग्राफ, क्यूनन असे त्याचे पूर्वसूरी होते. त्याची मांडणी अशी की तोरेत चार मूळ स्रोत आहेत. देवाला सुरुवातीपासून याव्हे म्हणणारा 'जे', कारण जर्मन लोक ते नाव या अक्षराने लिहितात. एलोहीम म्हणणारा 'ई'. अनुवादाचा 'डी'. आणि पुरोहितांचा 'पी', ज्याला तारखा, वंशावळी, मोजमापं आणि विधी यांची आवड आहे. काळ साधारण याच क्रमाने, इ.स.पू. नवव्या शतकापासून पाचव्यापर्यंत. सगळ्यात धक्कादायक भाग शेवटचा होता. पुरोहितांचे तपशीलवार नियम इतिहासाच्या सुरुवातीला नाहीत, शेवटी आहेत. एलीयासारखा संदेष्टा कर्मेल डोंगरावर वेदी उभारून बळी देतो आणि कोणी त्याला नियम मोडला असं म्हणत नाही. मग तो नियम तेव्हा होता कुठे?

याची किंमतही मोजावी लागली. स्कॉटलंडमध्ये रॉबर्टसन स्मिथने विश्वकोशात अशी मतं लिहिली म्हणून १८८१ मध्ये चर्चने त्याची प्राध्यापकी काढून घेतली. वेलहाउझेनने १८८२ मध्ये धर्मशास्त्राची प्राध्यापकी स्वतःच सोडली. माझे विद्यार्थी पुढे पाद्री होणार, आणि मी तर त्यांना त्या कामासाठी नालायक बनवतोय, ही त्याची टोचणी होती. मला हा माणूस इथे फार प्रामाणिक वाटतो.

पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वेलहाउझेनच्या डोक्यात एक चढउतार ठरलेला होता. आधीचा धर्म ताजा, मोकळा, निसर्गाशी जोडलेला, आणि नंतरचा यहुदी धर्म म्हणजे नियमांचा सांगाडा. हा पुराव्यातून निघालेला निष्कर्ष नव्हता, तो त्या काळच्या जर्मन प्रॉटेस्टंट मनातला पूर्वग्रह होता. सॉलोमन शेख्टर या यहुदी विद्वानाने १९०३ मध्ये या उच्चस्तरीय चिकित्सेला उच्चस्तरीय यहुदीद्वेष म्हटलं. धागे सुटे करण्याची पद्धत बरोबर असू शकते आणि त्या धाग्यांची लावलेली किंमत चुकीची असू शकते. हे दोन्ही एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात असू शकतं.

आज काय उरलं?

शंभरेक वर्षं ही चार अक्षरं पाठ्यपुस्तकात पक्की बसली. आक्षेपही होते. इटालियन यहुदी विद्वान कासुटो म्हणाला की देवाची दोन नावं प्रसंगानुसार वापरलेली आहेत, ती दोन लेखकांची खूण नव्हे. पण आतून हादरा बसला तो १९७० च्या दशकात. व्हॅन सीटर्सने 'जे' हा प्राचीन नसून बराच उशिराचा आहे असं मांडलं. रेंटॉर्फने विचारलं की पाचही पुस्तकांतून सलग वाहणारा 'जे' नावाचा लेखक खरंच होता का? की अब्राहामाच्या गोष्टी, याकोबाच्या गोष्टी, मिसरमधून सुटकेची गोष्ट अशा सुट्या साखळ्या होत्या आणि त्या उशिरा जोडल्या गेल्या? आज युरोपात बरेच जण असं मानतात. उलट अमेरिका आणि इस्राएलमधले काही अभ्यासक चार स्रोतांचा सिद्धान्त सुधारून पुन्हा मांडतायत.

मग काहीच ठरलेलं नाही का? तसं नाही. एकापेक्षा जास्त हात आहेत, यावर चिकित्सक अभ्यासकांचं जवळपास एकमत आहे. पुरोहितांचं लिखाण ओळखू येतं, यावरही आहे. 'अनुवाद'चा गाभा वेगळा आहे आणि त्याचा योशीयाच्या काळाशी संबंध आहे, हे बहुतेक जण मानतात. वाद आहे तो उरलेल्याबद्दल, म्हणजे जे आणि ई यांच्याबद्दल, आणि तारखांबद्दल.

जमिनीतून आलेले पुरावेही आहेत. यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम इथे १९७९ मध्ये चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर 'गणना'मधल्या याजकांच्या आशीर्वादाशी जुळणारे शब्द आहेत. बहुतेक अभ्यासक त्यांचा काळ इ.स.पू. ६०० च्या आसपासचा मानतात. म्हणजे पुरोहितांचं पुस्तक उशिरा जुळलं असलं, तरी त्यातले शब्द जुने असू शकतात. उलट टोकाला, मिसरमध्ये नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर पाचव्या शतकात यहुदी सैनिकांची वस्ती होती. त्यांचे कागद सापडलेत. त्यांचं स्वतःचं मंदिर होतं. ते इ.स.पू. ४१० मध्ये पाडलं गेलं, तेव्हा त्यांनी यहुदाच्या सुभेदाराकडे आणि यरुशलेमकडे मदत मागितली. 'मंदिर एकच' हा नियम त्यांच्या गावीही नाही. त्या कागदांत मोशेचं नाव नाही, तोरेचा उल्लेख नाही. म्हणजे त्या काळापर्यंत सगळ्या यहुद्यांच्या हातात हा ग्रंथ पोचलेला नव्हता असं दिसतं.

त्यांनी पुसलं का नाही?

आता मला ज्या प्रश्नाशी तुम्हाला आणून सोडायचंय, तो हा. लेखक कोण, याची खात्री कदाचित कधीच होणार नाही. पण ज्यांनी हे जोडलं, त्यांच्याबद्दल आपल्याला एक गोष्ट पक्की माहीत आहे. त्यांनी न जुळणारं पुसलं नाही.

गुलामांचे नियम बघा. निर्गमात हिब्रू गुलाम सातव्या वर्षी सुटतो, पण बापाने विकलेली मुलगी पुरुषांसारखी सुटत नाही. अनुवादात म्हटलंय की स्त्रीलाही सोडा, आणि दोघांनाही रिकाम्या हाताने पाठवू नका. धान्य, द्राक्षारस, मेंढरं द्या. लेवीयात तर म्हटलंय की आपल्या भावाला गुलाम म्हणून राबवूच नका, मजुरासारखं ठेवा. पण तिथे सुटका सातव्या वर्षी नाही, पन्नासाव्या. तीन नियम, तीन काळ, कदाचित तीन गट. दुसऱ्याने पहिल्याला सुधारलं, म्हणजे 'अनुवाद' करता करता बदललं. पण पहिल्याला फाडून टाकलं नाही.

का? बहुधा असं असावं की बाबिलोनच्या बंदिवासानंतर परतलेल्या त्या समाजात वेगवेगळे गट होते आणि प्रत्येकाकडे आपापली शिकवण होती. एकाची निवडली असती तर दुसरा बाहेर पडला असता. त्यांनी सगळ्यांना एकाच गुंडाळीत बसवलं. मजकूर ओबडधोबड झाला, समाज मात्र एकत्र राहिला. तालमूदच्या त्या दोन मतांची सवय इथूनच आली असेल, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्या.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. हे तसंच काम आहे का?*

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. भांडारकरमध्ये हजाराहून अधिक हस्तलिखितं होती आणि त्यांत पाठभेद होते. ते ताडून जुन्यात जुना पाठ ठरवला. ती पाठचिकित्सा. तोरेची जी हस्तलिखितं मिळाली आहेत, मृत समुद्राजवळची धरूनही, त्यांत 'जे' वेगळा, 'पी' वेगळा असा कुठेच मिळत नाही. सगळीकडे जोडलेलाच ग्रंथ आहे. म्हणून इथे पुरावा मजकुराच्या आतून काढावा लागतो, आणि म्हणूनच वादही जास्त. मात्र असं जोडकाम प्राचीन काळी खरंच होत होतं, याचा दाखला आहे. दुसऱ्या शतकात टेशियनने चार शुभवर्तमानं कापून, विणून एकच सलग गोष्ट केली. तिथे मूळ चारही आपल्याकडे आहेत, म्हणून ताडून बघता येतं.

*प्रश्न: हे सगळं मान्य केल्यावर श्रद्धावान माणसाने काय करायचं?*

त्यांच्यातल्याच दोघांचं सांगतो. मोर्दखाय ब्रॉयर हे सनातनी रब्बी. त्यांनी म्हटलं की धागे वेगळे आहेत हे खरं, पण ईश्वरानेच अनेक आवाजांत सांगितलं, कारण एका आवाजात सत्य मावत नाही. दुसरा फ्रान्झ रोझेनत्स्वाइग, जर्मन यहुदी तत्त्वज्ञ. अभ्यासक ज्या अज्ञात जुळवणाऱ्याला संपादक म्हणतात आणि 'आर' या अक्षराने दाखवतात, त्याबद्दल तो म्हणाला की आम्ही ते अक्षर 'रब्बेनू' असं वाचतो. रब्बेनू म्हणजे आमचे गुरू. आणि परंपरेत 'मोशे रब्बेनू' म्हणतात ते मोशेलाच.